छत्रीचा प्रश्न

"तुमची पत्रकं भिजतायत," मी म्हटलं.

पाळी सुटायला दहा मिनिटं होती आणि पाऊस आडवा येत होता. लाँड्रीच्या फाटकासमोर सायकल दुरुस्तीचं एक बंद दुकान होतं. त्याच्या पत्र्याखाली दोन माणसं अंग चोरून उभी राहतील एवढीच कोरडी जागा. मी तिथे आधीपासून उभी होते, माझा गठ्ठा प्लास्टिकच्या कागदात नीट बांधलेला. तो धावत आला तेव्हा त्याचा गठ्ठा शर्टाच्या आत होता आणि शर्ट अंगाला चिकटलेला.

"पत्रकं भिजली तरी विचार भिजत नाहीत," तो धापा टाकत म्हणाला.

"विचार वाचायला अक्षरं लागतात. तुमची अक्षरं पोटावर उतरलीयत."

त्याने खाली पाहिलं. शर्टावर खरंच एक उलटी जांभळी ओळ उमटली होती. तो हसला. हसताना त्याच्या पापण्यांवर काहीतरी चमकलं, पाण्याचा थेंब नव्हे, बारीक भुकटीसारखं. नंतर कळलं की ती काचेची धूळ. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचं काम करायचा तो. दोन्ही संघटनांत त्याला भिंगवाला म्हणूनच ओळखत.

मी प्लास्टिक सोडलं. "द्या इकडे. दोन्ही गठ्ठे मावतील."

"आमची पत्रकं तुमच्या प्लास्टिकमध्ये? तुमच्या मावशींना कळलं तर?"

"मावशीला प्लास्टिकचं कळणार नाही. तिला तुमच्या पत्रकात काय लिहिलंय ते कळेल. काय लिहिलंय आमच्याबद्दल?"

"वाचू नका."

"वाटायला आणलंत ना?"

"इतरांना." त्याने मान खाजवली. "दुसऱ्या परिच्छेदात तुम्ही संधिसाधू आहात. आणि चौथ्यात... भरकटलेले."

"दोन्ही एकदम? संधी साधणारा माणूस भरकटेल कसा?"

त्याने यावर अगदी मन लावून विचार केला. मला ते आवडलं. बाकी कुणी असता तर आवाज चढवला असता.

"हे मास्तरांना विचारायला हवं," तो म्हणाला. "आणि तुमच्या पत्रकात आम्ही कोण?"

"पुस्तकी."

"एवढंच?"

"जागा कमी होती."

भोंगा झाला. फाटकातून बायका बाहेर पडल्या, आणि आम्ही दोघं एकाच प्लास्टिकमधून आपापली पत्रकं काढून, एकमेकांना शिव्या देणारी ती पत्रकं, शेजारी शेजारी उभं राहून वाटली. बायकांनी दोन्ही घेतली, डोक्यावर धरली आणि घरी गेल्या.

*

आता दोन्ही संघटनांबद्दल सांगायला हवं. एके काळी त्या एकच होत्या. एकोणीस वर्षांपूर्वी एका ठरावावरून फूट पडली. ठराव कसला होता हे विचारलं की दोन्हीकडचे लोक वेगवेगळा सांगतात, म्हणून मी विचारणं सोडून दिलं. पण फूट पडली तरी कचेरीची इमारत कुणी सोडेना. शेवटी एका संघटनेने वरची खोली घेतली, दुसरीने खालची. तेव्हापासून एक झाले वरचे, एक झाले खालचे. मध्ये सतरा पायऱ्यांचा लाकडी जिना, आणि जिन्याच्या अर्ध्यावर, वळणाच्या चौकात, पाण्याचा एकुलता एक नळ. सकाळी दहापर्यंत वरच्यांनी पाणी भरायचं, दहानंतर खालच्यांनी. एकोणीस वर्षांत दोन्ही बाजूंनी मोडला नाही असा हा एकच करार.

वरच्यांचे प्रमुख मास्तर. गणित शिकवून निवृत्त झालेले, अंगाने काटकुळे, बोलताना बोटांनी हवेत रकाने आखणारे. खालच्यांची प्रमुख माझी मावशी. सख्खी, आईची मोठी बहीण, जिने मला लहानाची मोठी केली. मावशी लाँड्रीत इस्त्री विभागात तेवीस वर्षं काम करत होती. रुग्णालयांच्या ओल्या चादरी दोघींनी दोन टोकांनी धरून तापलेल्या रोलरमध्ये सोडायच्या आणि पलीकडे दोघींनी झेलायच्या, असं ते काम. तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग होते. रोज कामाला निघताना ती देवापुढे हात जोडायची आणि त्याच हातांची फाटकाशी जाऊन मूठ वळायची. मास्तर त्यावर हसायचे. मावशी म्हणायची, "हात माझे आहेत, कुठे जोडायचे आणि कुठे वळायचे ते मी बघीन." फक्त देवाला 'वरचा' म्हणायची सोय आमच्या घरात उरली नव्हती.

मी त्याच लाँड्रीत रफूच्या खोलीत होते. फाटक्या चादरी, उसवलेल्या उशांचे अभ्रे. खिडकीशी बसून दिवसभर बारीक टाके.

पावसातल्या त्या भेटीनंतर तीन आठवड्यांनी, एका सोमवारी, मालकाने फाटकावर कागद लावला. पुढच्या महिन्यापासून इस्त्री विभाग बंद. काम बाहेर देणार. एकसष्ट बायका घरी. रफूची खोली मात्र राहणार होती, आणि ते वाचून मला जरा हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज मला अजून वाटते.

संपाची नोटीस कामगार कार्यालयात चौदा दिवस आधी द्यावी लागते. हिशेब केला तर पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी संध्याकाळी पाच ही शेवटची वेळ. आणि एकसष्टांपैकी तीस वरच्यांच्या, एकतीस खालच्यांच्या. एकाच संघटनेने नोटीस दिली तर अर्धे रोलर चालूच राहणार. सही दोघांची हवी, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण मास्तर आणि मावशी एकोणीस वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते, ते आता कसे बोलणार?

म्हणून दोन्ही बाजूंनी एकेक प्रतिनिधी नेमायचं ठरलं.

"तू जा," मावशी मला म्हणाली. "तुला फार बोलता येत नाही. म्हणजे फार काही सोडूनही येणार नाहीस."

वरून जिना उतरत भिंगवाला आला. वळणाच्या चौकात, नळाशेजारी, तो वरच्या पायरीवर बसला, मी खालच्या. तेवढा भाग कुणाचाच नव्हता.

"संधिसाधूंना नमस्कार," तो म्हणाला.

"पुस्तकी लोकांनी पेन आणलंय का?"

त्याने सगळे खिसे तपासले. नव्हतं आणलं.

*

मुद्दे सहा होते. दोन्ही कचेऱ्यांना वाटत होतं की एकेका मुद्द्यावर रणकंदन होणार. वरच्यांच्या झेंड्याच्या काठ्या आमच्यापेक्षा हातभर लांब, मग मोर्च्यात त्यांचेच झेंडे दिसणार, हा एक. नोटिशीवर कुणाचं नाव आधी, हा एक. मास्तर बोलायला उभे राहिले की बसत नाहीत, हा तर मावशीने स्वतः घालायला लावलेला.

"दहा मिनिटं," मी म्हटलं.

"मास्तरांना दहा मिनिटं नमस्कार-चमत्काराला लागतात."

"मग पंधरा. पण शेवटी बोलायचं. लोकांना घरी जायचं असलं की टाळ्या लवकर पडतात, माणूस लवकर बसतो."

तो माझ्याकडे बघत राहिला. "तुम्हाला फार बोलता येत नाही असं कोण म्हणालं?"

"लिहा. पंधरा."

काठ्या कापायच्या ठरल्या. नोटिशीवर आमचं नाव आधी, फलकांवर त्यांचं. घोषणा आळीपाळीने. मंगळवारी बसलो, बुधवारी बसलो, आणि शनिवारी संध्याकाळी सहावा मुद्दा संपला तेव्हा जिन्याच्या खिडकीतून अजून उजेड येत होता. नळ टपटप करत होता. तो कधीच पूर्ण बंद होत नसे.

मी वही मिटली. मग उघडली. मग पुन्हा मिटली.

"झालं," मी म्हटलं.

"झालं," तो म्हणाला.

"म्हणजे उद्या सह्या."

"हो. म्हणजे मग आपलं... बसायचं काही राहत नाही."

"नाही राहत."

त्याच्या हातात छत्री होती. काळी, एक काडी वाकलेली. बाहेर भुरभुर चालू होती. तो तिची उघडझाप करत बसला होता, शाळेतल्या पोरासारखा.

"छत्र्यांचं काय?" तो एकदम म्हणाला.

"कसल्या छत्र्या?"

"मोर्च्यात. पाऊस आला तर."

"आला तर उघडतील लोक."

"म्हणजे तुमच्या संघटनेची भूमिका 'उघडाव्यात' अशी." त्याने घसा साफ केला. "आमची... 'उघडू नयेत' अशी असू शकते. फलक झाकले जातात. हा मतभेद आहे."

मला कळलं. कान गरम झाले. मी नळाकडे बघत म्हटलं, "आणि मतभेद असला तर?"

"तर पुन्हा बसावं लागतं. सोमवारी."

देवाने मला खोटं बोलण्याची जीभ दिलेली नाही. पण हातात वही होती. मी लिहिलं : मुद्दा सातवा. छत्र्या. चर्चा अपूर्ण.

*

सोमवारी आम्ही छत्र्यांचा विषय काढलाच नाही. त्याने विचारलं, "रफू करताना कापड लांब धरता ना? मी फाटकातून पाहिलंय."

"फाटकातून रफूची खोली दिसत नाही."

"फाटकाच्या खांबावर चढलं की दिसते. झेंडा बांधायला चढलो होतो."

मंगळवारी त्याने दुकानातून नजर तपासायची चौकट आणली, ती गोल, जड, कानांवर टोचणारी, आणि कापडात गुंडाळलेली डझनभर भिंगं. मला वरच्या पायरीवर बसवलं. वरच्यांच्या हद्दीत मी पहिल्यांदाच बसत होते.

"समोर बघा. हे बरं... की हे?"

"पहिलं."

"आता हे की... हे?"

"सारखंच."

"सारखं कधीच नसतं. नीट बघा."

तो भिंगं बदलत होता. त्याच्या बोटांना मेणाचा आणि धातूचा वास होता. बघायचं काय, तर समोर त्याचाच चेहरा. दुसरं काही ठेवायला तिथे जागाच नव्हती. एक भिंग आलं, गेलं. दुसरं आलं. मग तिसरं, आणि एकदम सगळं जागच्या जागी आलं. डाव्या भुवईतली जुनी खोक. पापण्यांवरची काचेची धूळ. आणि त्याचे डोळे, जे भिंगाकडे बघत नव्हते.

"हे," मी म्हटलं.

"तुम्हाला जवळचं नीट दिसत नाही," तो म्हणाला. "लांबचं उत्तम आहे."

"मग आता?"

"आता... चष्मा करावा लागेल. मी करतो."

खाली दार वाजलं. आम्ही दोघंही दचकून आपापल्या पायरीवर गेलो. वहीत मी लिहिलं : सातव्या मुद्द्यावर सविस्तर चर्चा. दोन्ही बाजू ठाम.

हीच चूक झाली. वही दोन्ही कचेऱ्यांत वाचली जायची.

*

बुधवारी मास्तरांनी टिपण लिहिलं. अकरा पानं. शीर्षक : 'छत्रीचा प्रश्न आणि आपली भूमिका.' छत्री ही एकट्याने एकट्यासाठी धरायची वस्तू आहे, छत्रीखालचा माणूस शेजाऱ्याकडे बघत नाही, म्हणून छत्र्या उघडलेला मोर्चा हा मोर्चा नसून गर्दी आहे, असं त्यात होतं. पाच पानांनंतर ते इतिहासात शिरले होते.

मावशीने ते टिपण इस्त्री विभागात मोठ्याने वाचायला लावलं. मग बोलायला उभी राहिली. तिचं बोलणं नेहमी गोष्टीवरून सुरू व्हायचं, फिरून फिरून एकाच ओळीवर यायचं आणि बायका ती ओळ तिच्याबरोबर म्हणायच्या. त्या दिवशीचं पालुपद होतं, "भिजून तापलेली बाई संपावर बसेल कशी?" दुपारपर्यंत एकतीस बायका घरून छत्र्या घेऊन आल्या. वरच्यांच्या तीस बायकांनी आपल्या छत्र्या फाटकाबाहेर एका पिंपात टाकल्या आणि भिजत उभ्या राहिल्या. रोलरच्या एका टोकाला जी बाई, ती दुसऱ्या टोकाच्या बाईशी बोलेना. चादरी तिरप्या जाऊ लागल्या.

संध्याकाळी दोन्ही समित्यांनी ठरवलं : सातवा मुद्दा सुटल्याशिवाय सही नाही.

आम्ही धावत नळाशी आलो.

"तडजोड काढू," भिंगवाला म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "पन्नाशीच्या वरच्यांना छत्री, खालच्यांना नाही."

मी ते मावशीला सांगितलं. मावशी म्हणाली, "म्हणजे मी म्हातारी?" त्याने मास्तरांना सांगितलं. मास्तर म्हणाले, "तत्त्वाला वय नसतं."

गुरुवारी मावशी घरी आपला कामाचा अंगरखा इस्त्री करत होती. दिवसभर दुसऱ्यांच्या चादरी सरळ करून आलेली बाई, स्वतःचा एक कपडा तरी रोज स्वतःच्या हाताने इस्त्री करायचीच.

"पहिल्या तारखेनंतर हे कुठे घालायचं कुणास ठाऊक," ती म्हणाली. सहज म्हणाली, जशी भाजीत मीठ कमी आहे म्हणते. मग माझ्याकडे वळली. "पण तू चांगलं काम केलंस, पोरी. तो छत्रीचा मुद्दा तू पकडला नसतास ना, तर त्या वरच्यांनी आपल्याला अलगद गुंडाळलं असतं. मला वाटलं होतं तू साधी आहेस. नाहीस."



शुक्रवारी सकाळी मी त्याला दुकानाच्या मागच्या दारी गाठलं. घासण्याचं चाक फिरत होतं, पाण्याची बारीक धार त्यावर पडत होती.

"मी सांगणार आहे," मी म्हटलं.

त्याने चाक थांबवलं. "सगळं?"

"सगळं. सातवा मुद्दा खोटा होता म्हणून."

"तुम्हाला संघटनेतून काढतील. मलाही. पुन्हा कुठल्याच कामाला उभं करणार नाहीत. आणि तुमच्या मावशी..."

"मावशीचं मला माहीत आहे."

तो बोटाने चाकावरचं पाणी पुसत राहिला. "दुसरा काही मार्ग निघेल. दुपारच्या सभेत कदाचित—"

"एकसष्ट बायका आहेत," मी म्हटलं. "आणि आपण दोघं. तुम्ही बोलू नका हवं तर. मी बोलेन."

मी निघाले. त्याने हाक मारली नाही. रस्ताभर मला तेवढंच ऐकू येत होतं.

*

दुपारी दोनला संयुक्त सभा झाली. कुणीच कुणाच्या खोलीत जाईना, म्हणून ती जिन्यावरच झाली. वरच्या पायऱ्यांवर वरचे, खालच्या पायऱ्यांवर खालचे, बाकीच्या बायका रस्त्यापर्यंत. मध्ये चौकात नळ, आणि नळाशेजारी स्टुलावर नोटिशीचा कागद, दोन रिकाम्या रेघांसकट. कामगार कार्यालय पायी पंचवीस मिनिटांवर.

मास्तरांनी टिपण वाचायला घेतलं. तीनला ते चौथ्या पानावर होते. मावशी हाताची घडी घालून उभी होती. साडेतीनला सातवं पान. खालून कुणी म्हणालं, "बस झालं!" वरून कुणी म्हणालं, "ऐकायचं धैर्य नाही!" आणि मग सगळेच बोलू लागले.

दोन्ही संघटनांत एक रीत फुटीच्या आधीपासूनची होती. कुणी आत्मटीका करायला उभं राहिलं तर बाकी सगळं थांबवायचं आणि संपेपर्यंत मध्ये बोलायचं नाही. तिथे मास्तरांनाही गप्प बसावं लागे.

मी नळाशी उभी राहिले. "मला आत्मटीका करायची आहे."

जिना शांत झाला. नळ टपटपत होता.

"सातवा मुद्दा खरा नव्हता," मी म्हटलं. "आमच्यात मतभेद नव्हता. छत्र्यांबद्दल आम्ही बोललोच नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. मी वहीत खोटं लिहिलं. शनिवारी सहाही मुद्दे सुटले होते. रविवारी सह्या झाल्या असत्या."

कुणी हसलं नाही. मावशीने घडी सोडली.

"मग लिहिलंस का?"

मध्ये बोलायचं नाही ही रीत तिनेच मोडली होती. पण कुणी हरकत घेतली नाही.

मी खाली बघितलं. पायरीवरचं लाकूड पाण्याने काळं पडलं होतं. "मुद्दे संपले असते तर बसायचं कारण संपलं असतं. आणि मला... मला पुन्हा बसायचं होतं. यांच्याबरोबर."

वर बघायची हिंमत झाली नाही. मग वरून आवाज आला.

"माझी एक दुरुस्ती आहे."

दोन्ही बाजूंनी एकदम कण्हल्यासारखा आवाज निघाला. या दोन संघटनांत दुरुस्ती म्हटलं की अर्धा दिवस जायचा.

भिंगवाला पायऱ्या उतरत चौकात आला. हातात तीच वाकलेल्या काडीची छत्री. "त्यांनी सांगितलं ते अपुरं आहे. मुद्दा त्यांनी काढला नाही. मी काढला. आणि हे शनिवारी सुरू झालं नाही. त्या दिवशी पत्र्याखाली त्यांनी आमची पत्रकं प्लास्टिकमध्ये ठेवली, तेव्हापासून मी निमित्त शोधतोय. हे आज सकाळीच बोलायला हवं होतं. मी घाबरलो. आत्मटीकेत हेही घ्या."

मास्तरांनी चष्मा काढला. "ही दुरुस्ती मूळ आत्मटीकेला धरून आहे का?"

"अगदी धरून आहे, मास्तर," तो म्हणाला आणि माझ्या शेजारी उभा राहिला.

मागे कुठेतरी एक बाई फस्सकन हसली. मावशी हसली नाही. ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"किती दिवस गेले?"

"सहा."

"एकसष्ट बायका सहा दिवस झोपल्या नाहीत. आणि काल मी तुला शाबासकी दिली."

"हो."

"ती परत घेतली." तिने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं, स्टुलाकडे वळली आणि पहिल्या रेघेवर सही केली. मग पेन वर धरलं. थेट मास्तरांपुढे. एकोणीस वर्षांनी ती त्यांच्याशी पहिलं वाक्य बोलली, ते असं, "पाच वाजता कचेरी बंद होते, मास्तर. उरलेली चार पानं नंतर ऐकते."

"नक्की ऐकाल, बाई?"

"नक्की. पंधरा मिनिटं."

मास्तरांनी सही केली. चार वाजून पंधरा मिनिटं झाली होती.

बाहेर पाऊस चांगलाच लागला होता. नोटीस मी त्याच प्लास्टिकच्या कागदात गुंडाळली. सगळे जवळजवळ पळतच निघालो. खालच्यांच्या छत्र्या उघडल्या, वरचे भिजत चालले, आणि पुलापाशी पोचल्यावर मी मागे वळून पाहिलं तर कोण वरचं, कोण खालचं ते कळत नव्हतं. एकेका छत्रीखाली तिघी तिघी घुसल्या होत्या. मास्तर तेवढे तत्त्वाने एकटे भिजत होते. मावशी त्यांच्या शेजारून चालत होती, छत्री निम्मी त्यांच्या बाजूला कलती. "तुमच्यासाठी नाही," ती म्हणत होती, "हातातली पानं भिजतील म्हणून. ऐकायचीत मला."

कारकुनाने पाचला सात मिनिटं असताना शिक्का मारला.

*

संप नऊ दिवस चालला. विभाग राहिला, पण एकसष्टांतल्या सतरा जणींना धुलाईकडे हलवलं, आणि तिथलं काम जड आहे. तेव्हा जिंकलो म्हणताना आम्ही आवाज जरा खालीच ठेवतो. मावशी रोलरवर आहे.

संपानंतर दोन्ही समित्या बसल्या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच दोघींनी शब्दशः एकच ठराव मंजूर केला : दोन्ही प्रतिनिधींना एक वर्ष सर्व जबाबदाऱ्यांतून मुक्त करण्यात यावं. भिंगवाला म्हणाला, इतकी एकजूट आपल्या हातून झाली असती का?

पण वहीही गेली आणि जिन्यावर बसायचा हक्कही. मावशी माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. घरी इस्त्री सुरू असायची आणि मी समोर भाजी निवडत असायचे. बारा दिवस असे गेले. नळावर मी दहानंतर जायचे, तो दहाच्या आत येऊन गेलेला असायचा.

तेराव्या दिवशी संध्याकाळी मी खालच्या कचेरीत फलक पुसत होते. मावशी बायकांची यादी वाचत होती. जिन्यावर पावलं वाजली. वळणावर थांबतील असं मला वाटलं, कारण वरचं माणूस नेहमी तिथेच थांबे. थांबली नाहीत. उरलेल्या आठही पायऱ्या उतरली आणि आमच्या दारात आली.

वरच्यांपैकी कुणी त्या दारात उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या एका हातात चष्म्याची डबी होती, दुसऱ्या हातात ओली छत्री. पापण्यांवर काचेची धूळ. लांबूनच दिसली मला. लांबचं मला उत्तम दिसतं.

मावशीने यादीतून डोकं वर काढलं. "काय काम आहे?"

त्याने डबीकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा चष्म्याचं कारण सांगेल. चांगलं, खरं कारण होतं ते. पण त्याने डबी खिशात घातली.

"काम काही नाही," तो म्हणाला. "हिला भेटायला आलोय."

"निमित्त?"

"निमित्त नाही, मावशी. नुसताच आलोय."

मावशी त्याच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मी फलक पुसायचं फडकं दोन्ही हातांत घट्ट धरलं होतं आणि त्यातून पाणी माझ्या पायांवर पडत होतं.

मावशीने यादी पुन्हा उचलली.

"छत्री बाहेर ठेव," ती म्हणाली. "फरशी ओली होते."